बोलक्या पियानोचा लाल दिवा

सिद्धोधन तुपसुंदरांनी घरात बाई कोंडून ठेवलीय, ही खबर सोनपेठात पहिल्यांदा आणली ती गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्यानं. टाकी दारात ठेवून तो कडी वाजवतोय, तर आतून एक बाई विचारतेय, "काय म्हनू?" मग तीच बाई विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी जाड आवाजात, "काऽय म्हऽनू?" आणि लगेच चिमणीसारखी बारीक. माणसानं टाकी तिथंच सोडली आणि सहीसुद्धा न घेता गाडी हाणली. दिवस मावळायच्या आत स्टँडवरच्या हॉटेलात त्या बाईला वय मिळालं, गाव मिळालं, आणि एकानं तर तिला तुपसुंदरांच्या गच्चीवर केस वाळवताना पाहिलीसुद्धा. तुपसुंदरांच्या घराला गच्ची नाही, पत्रे आहेत. पण ते त्याला विचारतो कोण?

आता खरं ऐका. बाई नव्हती. बाईचा आवाज होता, आणि तो दीड हात लांबीच्या एका पियानोत होता.

सिद्धोधन तुपसुंदर म्हणजे स्टँडमागचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले. माणूस काटकुळा, चश्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, वय चौसष्ट. पण एके काळी हाच माणूस पंचशील गायन पार्टीचा पियानोवाला होता. भीमजयंतीच्या महिन्यात पार्टीला श्वास घ्यायला फुरसत नसे. आज वालूर, उद्या पोखर्णी, परवा आपलंच भीमनगर. दोन पार्ट्यांचा सामना लागला की एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं जवाब द्यायचा, आणि लोक चटया टाकून पहाटेपर्यंत हलायचे नाहीत.

पार्टीत गाणारी होती त्यांची बायको, बबिता. वालूरची पोर, काळी पाचच्या उंच सुरात गायची आणि माईक तोंडापासून हातभर लांब धरायची. मुंबईच्या एका पाव्हण्यानं आणलेला तो छोटा पियानो पार्टीत आला आणि सामन्याची गंमतच बदलली. त्या पियानोला एक बटण होतं. ते दाबून त्याच्यापुढं दीड सेकंद काही बोललं, की पट्टीपट्टीतून तेच बोलणं निघायचं. डावीकडं दाबलं की रेड्याच्या आवाजात, उजवीकडं दाबलं की पाखराच्या. समोरच्या पार्टीचा सवाल आला, की बबिता कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडं बघायची, आणि तिच्या तोंडाऐवजी पियानोच विचारायचा, "काय म्हनू?" मांडवात हशा फुटायचा. मग ती खरा जवाब गायची.

फक्त त्या पियानोची एक खोड होती. वीज तुटली की तो सगळं विसरायचा. म्हणून दर कार्यक्रमाआधी बबिता नव्यानं त्याच्यात "काय म्हनू" भरायची, आणि कार्यक्रम संपला की सिद्धोधन तो बंद करून गोधडीत गुंडाळायचे.

दोन हजार सहाच्या एप्रिलात पोखर्णीचा कार्यक्रम झाला. घरी आल्यावर बबिताला ताप भरला. डोळे पिवळे झाले. नवव्या दिवशी ती गेली. सगळे विधी आटोपून, पाव्हणे वाटेला लावून सिद्धोधन कोपऱ्यात बघतात, तर गोधडीच्या आत लाल दिवा. पोखर्णीहून निघताना घाईत पियानो बंद करायचा राहून गेला होता, तो सेलवर तसाच चालू होता. त्यांनी गोधडी उलगडली, बंद करायला बोट नेलं, आणि बोट तिथंच थांबलं.

ते थांबलं ते थांबलंच.

तेव्हापासून तो पियानो बंद झाला नाही. माणूस दुरुस्तीवाला. त्यानं आतल्या तारा अशा जोडल्या की भिंतीची लाईट गेली की सेल चालू आणि लाईट आली की सेलला आराम. दर पौर्णिमेला वंदना झाली की सेल बदलायचे, तेही लाईट असतानाच. गल्लीतल्या बायका पौर्णिमेला पांढरं नेसून विहारात जायच्या तेव्हा हे हातात पाच सेल घेऊन घरी बसलेले.

आणि रोज सकाळी, चहा उकळायच्या आधी, ते मधली एक पट्टी दाबायचे.

"काय म्हनू?"

"म्हन की, आज तरी दूध नासलं न्हाई म्हनून," हे त्याला सांगायचे. किंवा, "आपल्या राणीचा फोन आला होता, तिच्या सासूचा गुडघा दुखायलाय." बस्स, दोन वाक्यं. मग चहा.

लोकांना वाटायचं, बबिताचा आवाज पाहिजे तर कॅसेटी आहेत की! होत्या ना. एक लोखंडी कपाट भरून, चारशे बारा. प्रत्येक कार्यक्रम त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेला. प्रत्येकीवर बारीक अक्षरात गाव, तारीख, गाणारा, वाजवणारा, आणि खाली शेरा: "तिसऱ्या गाण्यात लाईट गेली", "बँजोची तार तुटली", "समोरची पार्टी रुसून उठली". पण त्या कॅसेटींतली बबिता मांडवासाठी गायची. पियानोतली एकट्या त्यांच्याकडं बघून विचारायची.

हे सगळं भिंतीपलीकडून कोण ऐकायचं? कमलबाई भराडे.

कमलबाई म्हणजे शेजारीण आणि बबिताच्या माहेरच्या गल्लीतलीच. दोघी वालूरला एकाच हापशावर वाढल्या, म्हणून सिद्धोधन तिचे दाजी. नवरा सिताराम वर्षातले सहा महिने ऊसतोडीला जायचा. पुढं तो कायमचाच गेला. आता लेक आणि सून तोडीला जातात, आणि घरात उरतात कमलबाई आणि एक म्हातारी शेळी. शेळीही तिच्यासारखीच, दार उघडं दिसलं की आत. गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतंय हे कमलबाईला शिजायच्या आधी कळतं. ती टाकीवाल्याची खबरसुद्धा तिनंच मोडून काढली. स्टँडवर जाऊन भर हॉटेलात म्हणाली, "बाई बघायचीय ना? या की. पर येताना पाच सेल घिऊन या, तिला तेच लागतंय खायाला."

एवढ्या बोलभांड बाईच्या पोटात मात्र सोळा वर्षांची एक गोष्ट होती. ती तिनं शेळीलासुद्धा सांगितली नव्हती. शेळीला तर सांगायची गरजच नव्हती म्हणा, ती तिथं हजर होती.

झालं असं. दोन हजार नऊचा मे महिना. लेक राणी परभणीच्या दवाखान्यात बाळंत होणार, म्हणून सिद्धोधन तीन दिवसांसाठी गेले. लाईट बारा-बारा तास गायब असायची ते दिवस. जाताना किल्ली आणि सेल कमलबाईच्या हातात देऊन म्हणाले, "दिवा बारीक दिसला की सेल बदल. पर लाईट असतानाच. लाईट नसताना झाकण उघडू नगंस."

"न्हाई उघडत. मी काय कुकुली हाय का दाजी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ती डोकावली, तर लाल दिवा अगदी मरगळलेला. लाईट यायची चारला. तिनं त्याच्यापुढं बसून पाच मिनिटं काढली. दिवा आणखी बारीक झाला. आता काय करावं? वाट बघावी तर चारपर्यंत तो टिकत नाही, आणि झाकण उघडावं तर दाजींनी बजावलेलं. शेवटी तिनं मनाशी धरलं की बॅटरीचे सेल बदलतो तसे फटकन बदलू, त्याला कळायच्या आत. नवे सेल पदरात तयार ठेवले. झाकण उघडलं. जुना पहिला सेल निघाला, आणि दिवा विझला.

तिनं नवे घातले. दिवा लागला, चांगला टवटवीत. तिला हायसं वाटलं. तिनं मधली पट्टी दाबली.

नुसतं टूंऽ.

दुसरी दाबली. टूंऽ. सगळ्या पट्ट्या दाबून झाल्या. बबिता कुठंच नव्हती.

कमलबाई त्या दुपारी किती वेळ खाली बसून होती हे तिलाही माहीत नाही. मैत्रीण एकदा तापानं गेली होती, आता तिच्या हातानं गेली. दाजी परवा येणार, आल्या आल्या पट्टी दाबणार. मग? तो माणूस कोणाशी बोलणार?

बबिता बटण दाबून बोलायची ते कमलबाईनं शंभरदा बघितलं होतं. तिनं बटण दाबलं. पहिल्यांदा नुसता हुंदका भरला गेला. बत्तीस पट्ट्यांतून बत्तीस हुंदके. तिनं तोंड धुतलं, पाणी पिलं, कमरेवर हात ठेवला, वालूरच्या हापशावर दोघी एकमेकींना चिडवायच्या तशी मान वाकडी केली, आणि बटण दाबून म्हणाली, "काय म्हनू?"

दार उघडंच होतं. मागून शेळी आत आली आणि शेवटाला म्हणाली, "बें."

पुन्हा भरायचा तिला धीर झाला नाही. आवाज तर बबितासारखाच वाटला, निदान तिला. शेळीचं बारीक आहे, चालून जाईल.

दाजी आले. पेढे दिले. नात झाली म्हणाले. मग कोपऱ्यात जाऊन पट्टी दाबली.

"काय म्हनू?" आणि शेवटाला बारीक, "बें".

ते उभेच राहिले. कमलबाई दाराच्या चौकटीला धरून. त्यांनी एकदा पियानोकडं बघितलं, मग माठातलं पाणी घेतलं, पिलं, आणि तांब्या पालथा घालत म्हणाले, "बरी राखलीस, कमल."

संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पट्टी, पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा चहा. एवढं मात्र झालं, की त्या उन्हाळ्यापासून दाजी त्या पियानोशी जरा मोठ्यानं बोलायला लागले. भिंतीपलीकडं शब्द न् शब्द यायचा. वय झालं, कान गेले असतील, असं कमलबाईनं धरलं. आणि रोज सकाळी चुलीपुढं बसून तिनं स्वतःचाच आवाज ऐकला, त्यावर दाजींचं उत्तर ऐकलं, आणि मान खाली घालून भाकरी थापली. दुसऱ्याच्या बायकोच्या नावानं आलेलं पत्र आपण रोज फोडतोय, असं तिला वाटायचं. पण सोडवतही नव्हतं. दिवसभरात तिच्या कानावर तेवढंच सरळ बोलणं पडायचं.

असे सोळा पावसाळे गेले. मग यंदा, फेब्रुवारीत, सुकेशनी आली.

सुकेशनी पुण्यातल्या एका संग्रहालयात काम करायची. पोर तिशीची, पाठीवर पोतं भरेल एवढी बॅग. वालूरच्या बाजारात तिला पंचशील पार्टीची एक कॅसेट मिळाली, तिच्यावर तुपसुंदरांच्या दुकानाचा शिक्का, तो धरून ती सोनपेठपर्यंत आली. हातात पांढरे मोजे घालून तिनं कपाट उघडलं तेव्हा खिडकीत बायकांची गर्दी.

"नर्स दिसती. तुझ्या दाजीला काय झालं?" गल्लीतली सरजाबाई कमलबाईला म्हणाली.

"दाजीला न्हाई, कॅसेटीला झालंय," कमलबाई म्हणाली. "बुरशी म्हनं."

तेही खरंच होतं. सुकेशनी एकेक फीत उजेडात धरून बघत होती. पांढरी बुरशी आलेल्या वेगळ्या, चिकटलेल्या वेगळ्या. हे सगळं कशाला, असं सिद्धोधननी विचारलं तर म्हणाली, "काका, तबला-पेटी जपणारे पुष्कळ आहेत. गाणं जपणारेही आहेत. पण मांडवात जी यंत्रं वाजली, हा पियानो, ही आवाज घुमवायची पेटी, हा करंटवरचा बँजो, त्यांचा आवाज कोणी जपत नाही. यंत्र बिघडलं की भंगारात. आमच्याकडं एक हलतं चित्र आहे, ते फक्त जुन्या डब्बा टीव्हीवरच दिसतं. त्या एका टीव्हीसाठी आम्ही सहा बंद टीव्ही जपून ठेवलेत, सुट्या भागांसाठी."

सिद्धोधन खुर्चीतून अर्धे उठले. "सहाच? माझ्या दुकानात अकरा हायत! बायको जिती असती तर म्हनली असती, मेल्या, घराचं अजायबघर केलंस. आता खरंच अजायबघरवाले आले की."

ते हसले तसे गल्लीनं कित्येक वर्षांत बघितले नव्हते. चार दिवस सुकेशनी येत राहिली, आणि चार दिवस तुपसुंदरांच्या घरात माणसाचा आवाज होता. कमलबाई चहा घेऊन दर तासाला. पाचव्या दिवशी पोर निघून जाईल, मग ही खोली पुन्हा एका पट्टीवर येईल, हे तिघांनाही दिसत होतं.

चौथ्या सकाळी सुकेशनीनं पियानो ऐकला. बंद न झालेला पियानो! एकोणीस वर्षं! तिचे डोळेच मोठे झाले.

"काका, हा मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त पाहिजे. याच्या आतले भाग म्हातारे झालेत, कधीही जाईल. आमच्याकडं याला दोन-दोन बॅटऱ्यांवर ठेवू, गाडीतसुद्धा चालूच नेऊ. आणि एकेक पट्टी रेकॉर्ड करून घेऊ." मग कान टवकारून, "पण शेवटाला हे काय वाजतंय? बें असं?"

कमलबाई घाईनं कपबशा गोळा करायला लागली.

"असंल कायतरी," सिद्धोधन चश्मा पुसत म्हणाले. "पोखर्णीला गर्दी लय होती."

मग चश्मा नाकावर चढवून म्हणाले, "घिऊन जा. माझ्या माघारी कोन सेल बदलतंय? पोरगी आता चाकणला. भंगारवाला बटण दाबून बघंल आन् टाकून दील. न्हे तू."

सुकेशनीनं एक फॉर्म काढला. वस्तूचं नाव, कुठून मिळाली, आवाज कोणाचा, कधी भरला, कुठं भरला, इतर शेरा. सिद्धोधननी पेन घेतलं आणि खाली मान घालून, त्या कॅसेटींवरच्या बारीक अक्षरात लिहायला बसले. तेवढ्यात सुकेशनीनं पोखर्णीची कॅसेट स्वच्छ पुसून टेपमध्ये घातली.

"यात पियानो वाजलाय ना स्टेजवर? दोन्ही आवाज जुळवून बघते, म्हणजे नोंद पक्की. एकदा वहीत गेलं की शंभर वर्षं तेच राहतं."

शंभर वर्षं! कमलबाई मनात हिशेब करायला लागली. शंभर वर्षं लोक तिकीट काढून येणार, कानाला लावून ऐकणार, आणि खाली पाटी: बबिता तुपसुंदर. आणि शेवटाला शेळी. बबिताच्या नावावर शेळी! आणि जुळवलं तर या क्षणाला, याच खोलीत, दाजींच्या समोर बबिता दुसऱ्यांदा जाणार. सुकेशनीचं बोट बटणावर गेलं तसा कमलबाईनं तिचा हातच धरला.

"थांब, पोरी. नगं वाजवू."

"का हो मावशी?"

"ती बबिता न्हाई." कमलबाई टेपपुढंच खाली बसली. "मी हाय. लाईट नव्हती, दिवा मरायलता, मी झाकण उघडलं. दाजी, मी सेल काढला आन् ती गेली. मग मीच बोलले त्याच्यात. शेळी बी माझीच. तुमी परभणीला होता. सांगायचं लय डाव आलं तोंडाला, पर तुमी रोज तिच्याशी बोलायचा, मी कसं सांगावं? तुमच्या बायकोला मी मारलं आन् तिच्या जागी बसले, हे कसं सांगावं दाजी?"

खिडकीतली सरजाबाई गजांत डोकं घालून आत वाकली.

सिद्धोधननी पेनाला टोपण लावलं, फॉर्मवर फुंकर घातली आणि तो सुकेशनीकडं सरकवला. ती मोठ्यानं वाचायला लागली.

"आवाज कोणाचा: कमलबाई सिताराम भराडे, मुक्काम सोनपेठ. कधी भरला: मे २००९. कुठं: याच खोलीत. शेरा: आधीचा आवाज बबिता हिचा, काळी पाच, तो वीज तुटून गेला, त्यात कोणाची चूक नाही. नवा आवाज पांढरी दोन. शेवटी शेळी बोलते, तीही भराड्यांचीच."

शाई वाळलेली होती. कमलबाईनं बोलायच्या आधीच सगळं लिहून झालेलं.

कमलबाईनं पदर तोंडाला लावला, काढला, पुन्हा लावला. मग एकदम चिडली. "दाजी! पहिल्या दिवसापून म्हाईत होतं? तांब्या पालथा घातला तवाच? आन् सोळा वर्षं मी हितं भिताडाला कान लावून मरायले, आन् तुमी मोठ्यामोठ्यानं बोलायलात! एका शब्दानं बोलला न्हाईत!"

सिद्धोधन उठले. लाल दिव्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि म्हणाले, "मी कशाला बोलू? सोळा वर्षं तूच रोज सकाळी इचारायलीस, काय म्हनू, काय म्हनू. आज म्हनलीस एकदाची."